संडास घराबाहेर कुणी काढला

माझे यजमान गेले, त्यांना हे शेवटपर्यंत माहीत नव्हतं. मुलांना तर काय, आईचं सगळं आपल्याला ठाऊक आहे असंच त्यांना वाटतं. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून तर जीभ सैल सुटतेय.

आमच्या सोसायटीत जुन्या घरांचा विषय निघाला की सगळे हसतात. सातपूरच्या कारखान्यांतल्या कामगारांनी मिळून उभी केलेली बैठी घरं, सत्तर सालानंतरची. विटा पक्क्या, परसात नळ, समोर लिंबाचं झाड, त्याखाली बसायला ओटा — आणि संडास कुठे? ओळीच्या पार टोकाला, सगळ्यांना मिळून. परवा माझ्या नातवानंच विचारलं, कुठल्या अडाण्यानं काढला होता गं प्लॅन? मी पोळी लाटत होते. लाटतच राहिले. इतकी वर्षं हेच करत आले. कुणी त्या प्लॅनवाल्या साहेबाला शिव्या घातल्या की ऐकून घ्यायच्या.

तो अडाणी नव्हता हो. पोरसवदा होता, डोक्याला पंचा गुंडाळून उन्हात फिरायचा, पण बायकांना विचारल्याशिवाय घर बांधायचं नाही असं म्हणणारा मला तेव्हा तो पहिलाच भेटला. कागदावरचा नकाशा आम्हाला कळेना. मग त्यानं काय करावं? क्रिकेटच्या मैदानावर टाकतात ती पांढरी फक्की आणली आणि मुरमाच्या जमिनीवर अख्खं घर आखलं, खरं असणार तेवढंच. म्हणाला, या, राहून बघा.

आम्ही राहून बघितलं. काय सांगू तुम्हाला! हमीदाभाभी काही केल्या भिंतीवरून पाय टाकेना, दर वेळी वळसा घालून दारातूनच आत यायची. भोरांच्या सुनेनं देवघराच्या रेघेबाहेर चपला काढल्या. मी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहिले — उघड्यावर, डोक्यावर ऊन, पण माझ्या. आणि त्याच्या पाठीमागच्या भिंतीला लागून, परसात, एक छोटा चौकोन होता. तो संडास. ज्याच्या त्याच्या घरात.

बायकांनी तोंडाला पदर लावले. चारचौघांत, पुरुषांसमोर, संडासाबद्दल कोण बोलणार?

साहेबाला ते उमगलं. त्यानं मला बाजूला बोलावलं. वहिनी, तुम्ही सगळ्यांत बोलक्या, घरोघर जाऊन एकेकीला विचारा, आत हवा की बाहेर, आणि मीटिंगमध्ये मला सांगा. शाळा मी दुसरीत सोडलेली, वाचायला शिकले ती दुकानांच्या पाट्यांवरून. अशा बाईवर एक साहेब काम सोपवतो! मी हवेत होते.

तेव्हा आम्ही बहुतेकजणी पंचवटीतल्या चाळींत भाड्यानं राहत होतो. गेले एकेकीकडे. दार लोटून, आवाज खाली करून सगळ्यांनी सांगितलं. शेवटी विमलकडे गेले.

विमल माझी शेजारीण. बौद्ध होती, नवरा कारखान्याच्याच कचेरीत कारकून. लहानपणी ताप येऊन तिचा एक पाय बारीक राहिलेला, भिंतीला हात लावत चालायची. चाळीतल्या संडासापर्यंत जायचं म्हणजे तिला केवढी यातायात, ते मी रोज बघत होते. ती म्हणाली, "वहिनी, माझं नाव घेऊ नका, पण सांगा हो. लाज मला वाटते, पायाला नाही वाटत."

मी सांगते म्हणाले.

आणि मीटिंगला उभी राहिले. समोर चेअरमन, सगळे पुरुष, मागे बायका, विमल एका उपड्या घमेल्यावर बसलेली. मी म्हणाले — हे मात्र जसंच्या तसं सांगते — "सगळ्या बायकांचं एकच म्हणणं आहे. चुलीच्या भिंतीला संडासाची भिंत नको. आम्हाला देव आहेत घरात."

झालं. पुरुषांनी माना डोलावल्या. चेअरमनचा घरोघर नळ्या टाकायचा खर्च वाचला. साहेबानं एकदा माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी तो चौकोन त्यानं पायानंच पुसला. आणि बायका? त्याही माना डोलावत होत्या. आपण सोडून बाकीच्यांनी खरंच तसं सांगितलं असेल, असं प्रत्येकीला वाटलं. आणि घरात संडास चालतो, असं तिथे उभं राहून कोण म्हणणार होती?

मी का केलं असं? सोवळ्याची मी नव्हेच. देवाला हात जोडायचे तेवढे जोडते.

चाळीत पहाटे संडासाला रांग लागायची. डालड्याचे डबे घेऊन आम्ही उभ्या. तेवढा वेळ माझा होता. सासू बघत नाही, नवरा हाक मारत नाही. तिथे आम्ही हसायचो, सासवांच्या नकला करायचो. भोरांच्या सुनेला दिराचा मार पडतो हे त्या रांगेतच कळलं, आणि तिच्या दिराला दम द्यायचं ठरलं तेही तिथेच. नव्या घरात सगळं आत आलं असतं — पाणी आत, धुणं आत, संडास आत — मग बाईनं घराबाहेर पाऊल टाकायचं कशासाठी? लिंबाखालचा ओटा पुरुषांचा. तिथे बाई बसली असती तर काय काय बोलले असते, ते मी तुम्हाला सांगायला हवं का?

आजही मी हे छातीठोक सांगते. एवढ्या सोसायट्या झाल्या या नाशकात, गंगापूर रोडला बागा झाल्या, मला दाखवा, नुसतं बसायला म्हणून बायकांसाठी कुणी चार फूट जागा आखली? आम्हाला जागा हवी होती. हवीच होती. हा माझा हट्ट खोटा नव्हता आणि त्याबद्दल मी मान खाली घालणार नाही.

पण मग ओटा का नाही मागितलास बाई? आमचाही एक ओटा आखा, एवढंच म्हणायचं होतं. त्या साहेबानं आखला असता. फक्की होती की त्याच्या हातात! पण बायकांना गप्पा मारायला जागा द्या म्हटलं असतं तर पुरुष हसले असते. त्या हसण्याला मी भ्याले. आणि देवाचं नाव घेतलं. तेही विमलसमोर — जिच्या आजीला याच सोवळ्यापायी पाणवठ्यावरून हाकललं होतं. विमलनंच मला सांगितलेलं, माझ्याच चुलीशी बसून.

नव्या घरी आलो. रांग लागली, माझी. हसणं-खिदळणं सगळं झालं. विमल मात्र रांगेत यायची नाही. पावसाळ्यात ती वाट निसरडी व्हायची, दोनदा पडली. मग दुपारनंतर पाणीच प्यायची बंद झाली. पुढे तिला मूत्रपिंडाचं दुखणं लागलं, डॉक्टर पाणी प्या म्हणायचे. ती माझ्याकडे बघून हसायची.

शेवटी त्यांनी घर विकलं. पिंपळगावला तिच्या भावाच्या घरी सगळी सोय होती, तिकडे निघाले. टेम्पोत सामान चढवायला मी होते. दोरी आवळत होते. विमल जवळ आली आणि म्हणाली, "वहिनी, तुम्ही मागून साहेबाकडे माझ्यासाठी शब्द टाकला असणार, मी विसरणार नाही. बाकीच्यांनाच नको होतं, त्याला तुम्ही काय करणार."

मी दोरीला आणखी एक गाठ मारली. टेम्पो गेला. पुढे ती तिकडेच वारली. मी गेले नाही.

काही वर्षांतच एकेकानं परसात आपापला संडास बांधला. अगदी तिथेच, जिथे साहेबानं फक्कीनं आखला होता. रांग मोडली. हमीदाभाभी आणि मी आता एकमेकींना दारातून हात करतो.

नातवाला मी आज सांगितलं, प्लॅन चांगला होता, मी बिघडवला. त्याला वाटलं आजी गंमत करतेय.

आणि विमल, तुझं ऐकणं तर आता संपलं, तरी सांगते. तू एकटी नव्हतीस. भोरांची सून आत म्हणाली होती, हमीदाभाभी आत म्हणाली होती, सगळ्याजणी आतच म्हणाल्या होत्या. बाहेर म्हणणारी मी एकटी होते.