मास्तरांचा साहेब

मास्तरांनी जन्मात कुणाचं ऐकलं नाही. म्हणूनच की काय, उतारवयात त्यांच्या घरी आला तो त्यांचंही न ऐकणारा.

मास्तर म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाचे शिंपी. पुढची खोली दुकान, मागची संसार. तीस वर्षं एकाच स्टुलावर बसून पायडल मारता मारता पाय सुजले. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. मास्तर ‘हो’ म्हणाले आणि परत स्टुलावर बसले. शेवटी लेकीने टोपलीतून डॅशहुंड कुत्र्याचं पिल्लू आणून त्यांच्या मांडीवर सोडलं. "आता हाच नेईल तुम्हाला फिरायला, बाबा."

वीतभर पाय, हातभर अंग आणि तोरा गावभर. हाक मारली की आधी विचार करणार, मग न यायचं ठरवणार. दुसऱ्याच दिवशी त्याला ‘साहेब’ नाव पडलं.

मास्तरांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, बजावलं, "एक महिना देते. तोवर घरात मुतणं थांबलं नाही, तर आला त्याच टोपलीतून परत जाईल. फरशी पुसायला माझी कंबर भाड्याने घेतलेली नाही."

मास्तरांनी स्वतःची अक्कल लावली. दुकानात चिंध्यांना काय तोटा! कोपऱ्यात चार पसरल्या, दर तासाला साहेबाला तिथे उभं केलं, काम झालं की बिस्किटाचा तुकडा. आठ दिवसांत साहेब पटाईत. येईल त्याला मास्तर ऐकवायचे, "हट्टी जात म्हणे! शिकवणारा पाहिजे!"

त्याच सुमारास मी मोर्च्याचा फलक शिवायला टाकला. मागणी होती सार्वजनिक मुतारीची. आणायला गेले, तर साहेबाने उद्घाटन उरकलेलं.

"मास्तर, हे काय?" माझं डोकंच फिरलं. "तिकडे बायका दिवसभर पाणी न पिता बाजारात बसतात, आणि तुमचा कुत्रा आमच्या मागणीवर तंगडी वर करतो?"

"ताई, धुऊन देतो हो. जातच हट्टी, काय करू?"

मग वकीलबाईंच्या कोटाचं अस्तर गेलं. मग वहिनींची चादर. मास्तर बोट नाचवून ओरडायचे, साहेब शांतपणे मशीनच्या चाकाकडे बघत बसायचा. भिंतीशी भांडावं तसं सगळं. महिन्याचे चार दिवस उरले, तसा मास्तरांचा आवाजही उतरला. मला हळूच म्हणाले, "ताई, याच्यामागे चार फेऱ्या होतात रोज. जुने बूट परत पायात जायला लागलेत. हा गेला की मी पुन्हा स्टुलावरच."

धुताना उसवलेला फलक पुन्हा शिवून मिळेपर्यंत मी त्या दिवशी तिथेच बसले होते. मास्तरांनी बाही कापली आणि उरलेला तुकडा सवयीने खाली टाकला. साहेब उठला, तुकडा हुंगला, त्यावर मोकळा झाला. मग मास्तरांच्या पायाशी येऊन बसला, मान वर, नजर बिस्किटांच्या डब्यावर.

मी मागच्या दारात उभ्या वहिनींकडे पाहिलं, वहिनींनी माझ्याकडे.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "तो हट्टी नाही. तुम्ही शिकवलं तेच करतोय. कापड दिसलं की मोकळं व्हायचं आणि बक्षीस मागायचं! या घरात कापड नाही अशी जागा तरी आहे का? तीस वर्षं सांगतेय, चिंध्या जमिनीवर टाकू नका. आता बोला, हट्टी कोण?"

मास्तर आधी वहिनींवर चिडले, मग माझ्यावर. "तुम्ही हसू नका, ताई!" मग गुडघे कडकड वाजवत खाली बसले आणि चिंध्या गोळा करू लागले.

तीन पोती निघाली. खालून फुलाफुलांची फरशी निघाली. तिच्यावर फुलं आहेत हे वहिनीही विसरल्या होत्या. साहेब गोंधळला. कापड शोधत खोलीभर फिरला की मास्तर त्याला उचलून बाहेर पळायचे. बिस्किटं आता खिशात. एकदा "एवढी शिवण संपू दे" म्हणाले, तर स्वतःच्या चपला धुवाव्या लागल्या.

महिना भरला त्या दिवशी लेक टोपली घेऊन हजर. मास्तर मान खाली घालून वकीलबाईंच्या कोटावर मशीन चालवत होते. साहेबाने खोलीला एक फेरी मारली, फरशी हुंगली, बंद दारापाशी गेला आणि एकदाच भुंकला. विनंती नव्हती ती, हुकूम होता.

अर्ध्या शिवणीत कधीही न उठलेला माणूस बाही सुईखाली तशीच सोडून उठला.

वहिनींनी लेकीच्या हातातली टोपली काढून घेतली आणि मशीनच्या बाजूला ठेवली. "राहू दे इथेच. चिंध्या टाकायला बरी आहे."

बाहेरून मास्तरांचा आवाज येत होता. "अरे, झालं ना तुझं? मग चल की! वकीलबाई येतील आता!"

मी डोकावून पाहिलं. साहेब रस्त्याच्या मधोमध बसला होता. विचार करत.