घरी धुतलेली डांगरी

आता कसं सांगू, अब्रू माझीच जाणार आहे. अख्ख्या बडोद्यात मला गंडवणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं मी छाती ठोकून सांगत असे. या खेपेला गंडवणाऱ्याची गरजच पडली नाही. मी एकटा पुरलो.

तेव्हा मी एका कारखान्यात गरम पाइपांना ग्लासवूल गुंडाळायचो. म्हणजे काचेचा कापूस. दिसायला मऊ, गादीत भरावा असा. अंगात कंपनीची डांगरी, म्हणजे कामावरचा अंगभर पोशाख, तीही कंपनीच्याच लाँड्रीत धुतलेली. आणि खाज? विचारू नका. मान, काखा, पोटऱ्या. मी सरळ लाँड्रीवाल्या रमणभाईला धरलं.

"तुझी पावडर भेसळीची आहे."

"काका, पावडर तो बधानी एकज छे, सगळ्यांना एकच. दुसऱ्या खात्यात कुणाची तक्रार नाही, तुमचीच कशी?"

"त्यांची कातडी जाड आहे."

मग मी डांगरी पिशवीत लपवून मांजलपूरला घरी आणायला लागलो. लाँड्रीच्या दारावर बोर्ड होता, 'डांगरी घरी नेऊ नये.' मला वाटलं, चोरी होऊ नये म्हणून असेल. खाली बारीक अक्षरांत आणखी काहीतरी होतं, पण बारीक अक्षरांपर्यंत मी शाळेतसुद्धा कधी पोचलो नव्हतो.

घरी नवंकोरं वॉशिंग मशीन. त्यात डांगरी, बायकोच्या साड्या, आमच्या लेकीचे, नंदाचे ड्रेस, चादरी, टॉवेल, सगळी मंडळी एकत्र.

आठ दिवसांत घर खाजवायला लागलं. बायकोने साबण बदलला, गाद्या उन्हात टाकल्या, वांगी बंद केली. माझी खाज तर तिळभर कमी होईना. म्हटलं, रमणभाईची पावडर रक्तात भिनली.

त्यातच समा भागातले शिर्के मुलाला घेऊन नंदाला बघायला आले. आधीची दोन स्थळं माझ्या थट्टेपायी गेली होती. त्यामुळे बायकोची ताकीद होती, आज तोंड फक्त चहासाठी उघडायचं.

शिर्क्यांनी तोंड धुतलं, आमच्या स्वच्छ टॉवेलने खसखसून पुसलं. पोहे येईपर्यंत त्यांचा हात मानेवर गेला. मग गालावर. मग दोन्ही हात कामाला लागले. मुलगा बापाकडे बघतोय, नंदा माझ्याकडे.

बायकोने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"खाजकुयली लावलीत ना टॉवेलला?"

"देवाशप्पथ नाही."

"माझ्या भावाच्या लग्नातही देवाचीच शपथ घेतली होतीत."

आता बोला. जन्मात पहिल्यांदा खरं बोलत होतो, आणि माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. झोपेत तर नाही ना लावली?

बाहेर आलो तर शिर्के गॅलरीत. हातातला टॉवेल उन्हात धरलेला, तो चमचम करतोय. शेजारी दोरीवर माझी डांगरी. तीही चमचम करतेय.

"काय काम म्हणालात तुमचं?"

"पाइपांना ग्लासवूल गुंडाळतो."

"आणि ही डांगरी घरच्या कपड्यांत धुता?"

"काय करणार, कंपनीच्या पावडरीने खाज येते हो."

कुणी हसलं नाही. नंदाने डोळे मिटून घेतले.

"साहेब, काचेची कुसळं आहेत ही," शिर्के हळूच म्हणाले. "मशीनमध्ये सगळ्या कपड्यांत शिरलीत."

मी नंदाकडे बघायचं टाळलं. म्हटलं, तिसरंही स्थळ गेलं. शिर्क्यांनी डांगरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, गाल खाजवला.

"मुलगी पसंत आहे. तुम्ही मात्र लग्नाला दुकानातून आणलेले कोरे कपडे घालून या. घरी धुतलेला रुमालसुद्धा आणू नका."