गाडी मध्येच गप्प होते

गाडीला जीव लावणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण माझ्या दाजींची गोष्टच वेगळी. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. धुलाईच्या कारखान्यातून स्वच्छ चादरींची गाठोडी हॉटेलांत आणि हॉस्पिटलांत पोचवायची, मळकी उचलून परत न्यायची, हा त्यांचा धंदा. त्यासाठी त्यांनी बंद पाठीची नवी पांढरी व्हॅन घेतली, तेव्हा ताई म्हणाली होती, "आता माझ्याकडे कोण बघणार!" आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. गाठोडी भरायला व्हॅनमध्ये चढताना हा माणूस चपला खाली काढून ठेवायचा. मी एका हॉस्पिटलात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स आहे. त्यामुळे सकाळी मागच्या दाराशी आमची गाठ पडे आणि ते हटकून विचारत, "काय मेहुणीबाई, आज किती नवी गिऱ्हाइकं?"

वर्ष सरायच्या आत व्हॅनने रंग दाखवायला सुरुवात केली. चालत्या गाडीचं इंजिन मध्येच गप्प व्हायचं. झटका नाही, धूर नाही, समोरच्या डॅशबोर्डवर एखादा दिवा लागणं नाही. गाडी आपली पुढे सरकत राहायची आणि आवाज तेवढा नसायचा. आपण दारात आलो की आतली माणसं बोलायची थांबतात ना, तसं. मग होतं तिथून पुढे इंजिन पुन्हा चालू, जणू काही झालंच नाही. चढावर, भर चौकात, मागून ट्रक येत असताना असं झालं की काय वाटतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काचेची गार खोली होती, मऊ सोफा होता आणि फुकटचा चहा होता. त्या सोफ्यावर दाजींना भाऊबंद भेटले. एक केटरिंगवाला, एक गाडी शिकवणाऱ्या बाई, एक चष्म्याचा दुकानदार. सगळ्यांची गाडी तीच आणि रडगाणंही तेच. कंपनीची पोरं लॅपटॉप जोडायची आणि सांगायची, दोष आढळला नाही. "मग काय मी इथला पाणचट चहा प्यायला येतो?" केटरिंगवाला एकदा इतक्या जोरात ओरडला म्हणे, की पलीकडे नवी गाडी बघायला आलेलं जोडपं निघूनच गेलं. दाजी घरी येऊन हे सगळं साभिनय सांगत. खिसा फाटत होता, पण चार जणांचा मिळून फाटत होता, त्याचाही एक आधार असतो.

शेवटी कंपनीने कबूल केलं की डिझेलचा पंपच सदोष आहे. सगळ्यांचे पंप बदलले. वॉरंटी संपली म्हणून निम्मा खर्च मालकांच्याच गळ्यात मारला, पण गाड्या सुधारल्या. केटरिंगवाल्याची सुधारली, बाईंची सुधारली, चष्मेवाल्याचीही. एकेक जण यायचा बंद झाला. दाजींच्या गाडीचाही पंप बदलला होता, आणि तिसऱ्याच दिवशी ती पुन्हा गप्प झाली. आता त्या सोफ्यावर ते एकटेच बसायचे. चहा देणाराही नजर चुकवायला लागला होता.

कंपनीने काखा वर केल्यावर दाजी मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे पत्र्याचं छप्पर, तेलाने काळी झालेली जमीन आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू असलेला तो स्वतः. "ही खोकत नाही, धापा टाकत नाही," तो म्हणाला. "ही नुसती गप्प बसते. असं दुखणं माझ्या बापजन्मात नाही बघितलं, भाऊ." त्याने डिझेल फवारणारे नोझल बदलले. मग वायरिंग. मग इंजिनाचं हेडच बदललं. ताईच्या बांगड्या त्या हेडमध्ये गेल्या. दर वेळी गाडी दोन-चार दिवस नीट चालायची, दाजी शीळ घालत हॉस्पिटलात यायचे, आणि मग एके दिवशी शीळ नसायची. मी काही विचारत नसे. त्यांचं तोंड बघूनच कळायचं.

मिस्त्रीची एक पद्धत होती. बदललेला प्रत्येक जुना पार्ट तो पोत्यात घालून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की बदललाच नाही. आम्हाला त्या लोखंडाचं काय करायचं होतं? पण दाजींचा ते भंगारात द्यायला जीव होईना. मागच्या खोलीत पोती साठत गेली. ताई वैतागून म्हणायची, "दारात एक गाडी आहे आणि घरात दुसरी तयार होतेय." शेवटी अख्खं इंजिन बदलायची वेळ आली तेव्हा तिने निक्षून सांगितलं, ही अडगळ आता घरातून गेलीच पाहिजे. दाजींनी सगळी पोती मिस्त्रीला परत नेऊन दिली. "टाकून दे नाहीतर वापर," म्हणाले.

नवं इंजिन बसलं. नवं कोरं, कंपनीच्या खोक्यातून काढलेलं. आठवडाभर दाजींच्या अंगात वारं शिरलं होतं. मग एका सकाळी ते मागच्या दाराशी आले, गाठोडी उतरवली, आणि जाताना नेहमीसारखा बोनेटला हातही लावला नाही. मला इतका राग आला त्या गाडीचा! लाथ घालावी असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर घातलीही. पाय मात्र माझाच सुजला.

पुढचं मी स्वतः पाहिलं आहे, म्हणून सांगते. व्हॅन मिस्त्रीने तपासायला ठेवून घेतली होती आणि तो दाजींना आपल्या टोइंगच्या गाडीतून सोडायला निघाला होता. माझी रात्रीची ड्यूटी संपली होती, हॉस्पिटलच्या दाराशी मीही चढले. पुढच्या एकाच सीटवर आम्ही तिघं, मी मध्ये. लख्ख ऊन होतं, दुकानं उघडत होती. मिस्त्री नेहमीसारखा बडबडत नव्हता. चौक ओलांडल्यावर म्हणाला, "भाऊ, तुमची गाडी मी चार दिवस चालवली. घाटातून आणली, भरून आणली, रिकामी आणली. एकदासुद्धा गप्प झाली नाही."

"माझ्याच नशिबाला तेवढी येते मग," दाजी म्हणाले.

"आणि आणखी एक. हसू नका. तुमची ती पोती होती ना, ती मी या गाडीत घातली, हीपण त्याच कंपनीची. वायरिंग तुमचं, नोझल तुमचे, हेड तुमचं. म्हटलं, फुकटात आहे, चालेल तेवढं चालेल. महिना होत आला. हिला साधी शिंक आलेली नाही."

दाजी खरंच हसले. "म्हणजे माझ्या कचऱ्यावर तुझा धंदा चाललाय!" ते म्हणाले, आणि त्यांचं वाक्य संपलं तेव्हा इंजिन गप्प झालं.

मला चाकांखालच्या खडीचा आवाज आला. कुठेतरी शटर वर गेलं तोही आला. मग इंजिन होतं तिथून पुढे चालू झालं. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. या वेळी ते जरा जास्त वेळ गप्प राहिलं, असं मला वाटलं. मिस्त्रीने गाडी कडेला घेतली. त्याने आपल्या बाजूचं दार उघडून ठेवलं, आणि हा माणूस पेटत्या टाकीशेजारी उभा राहून गप्पा मारणारा.

"भाऊ, रागावू नका," तो म्हणाला. "जरा उतरता का?"

दाजी उतरले. आम्ही रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आलो. गाडी तेल लावल्यासारखी गेली आणि आली. मग मिस्त्रीने मला उतरवलं आणि दाजींना बसवलं. मी फुटपाथवर उभी राहून ऐकत होते. ती दुकानांच्या रांगेपर्यंत गेली आणि तिथे तिचा आवाज नाहीसा झाला. गाडी तर मला दिसत होती, चालतही होती.

परत आल्यावर दाजी स्वतःच दार उघडून खाली उतरले. डबा काखेत घेतला. "तू हिला सोड घरी," ते मिस्त्रीला म्हणाले. "मी आपला चालत जातो."

मी त्यांना खूप समजावलं. योगायोग असतो, गाड्यांचं काही सांगता येत नाही, मिस्त्रीलाच डॉक्टरची गरज आहे, काय वाटेल ते बोलले. ते मान हलवायचे. व्हॅनवर त्यांनी पगारी ड्रायव्हर ठेवला आणि व्हॅन अशी चालायला लागली की बघत राहावं. दाजी स्वतः धुलाईच्या कारखान्यात चादरींच्या घड्या घालायच्या कामाला बसले. तिथेही मोठ्या मशिनांच्या बाजूला जायचे नाहीत. खिडकीशी टेबल घेतलं आणि हातानेच घड्या घालायचे. माणूस खंगला नाही, चिडचिडाही झाला नाही. फक्त जपून वागायला लागला. लिफ्टऐवजी जिना चढायचा. कोणी स्कूटरवर मागे बस म्हटलं तर काहीतरी काम काढून टाळायचा.

एकदा ताई माझ्याकडे येऊन रडली. "हे बाहेरच्या खोलीत झोपतात गं. किती महिने झाले. विचारलं तर म्हणतात, तुझं छातीचं दुखणं आहे, माझ्या घोरण्याने झोपमोड नको. हे कधी घोरले आहेत का सांग मला." मला कारण कळलं होतं. त्यांना वाटत होतं, खोट गाडीत कधी नव्हतीच. आणि जी त्यांच्यामुळे इंजिनात शिरते ती माणसातही शिरेल.

त्या वर्षी ताईची मुलगी, माझी भाची, बाळंत झाली, माझ्याच वॉर्डात. मुलगी झाली. मी तिला पहिली आंघोळ घातली, पहिले तीन दिवस रात्रंदिवस माझी नजर तिच्यावर होती. गुटगुटीत, रडकी, श्वास असा एकसारखा की भिंतीवरच्या घड्याळाने शिकावा. ताई पाळण्यापासून हलेना. जावईबापू फोटो काढून काढून दमले. आणि दाजी दाराशी, हात पाठीमागे बांधून. नातीला लांबूनच बघायचे, हसायचे आणि पाणी आणायला निघून जायचे. पाण्याच्या इतक्या बाटल्या जमल्या की पाणपोई उघडता आली असती.

घरी आल्यावरही तेच. दोन दिवस भाचीने वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी बाळाला बघायला गेले तर तिचे डोळे सुजलेले. "मावशी, बाबांनी हिला एकदासुद्धा घेतलं नाही," ती म्हणाली. "मुलगी झाली म्हणून का गं? मला खेळवताना तर खाली ठेवत नव्हते म्हणतात. मग हिने काय केलंय?"

आता मात्र माझं डोकं फिरलं. दाजी मागच्या खोलीत खिडकीशी बसले होते. मी तरातरा आत गेले. "पोरीच्या मनात काय आलंय ठाऊक आहे का तुम्हाला? नात नकोशी झाली असं वाटतंय तिला. लोखंडाच्या एका डब्यापायी पोटच्या पोरीचं मन मोडणार आहात का?"

दाजींचा चेहरा पडला. "असं म्हणाली ती?" मग स्वतःच्या हातांकडे बघत, "मला घ्यायचंय गं तिला. हात शिवशिवतात माझे."

मी काही ऐकायला थांबले नाही. बाहेर आले, पाळण्यातून बाळ उचललं आणि नेऊन सरळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. भाची आणि ताई दारात येऊन उभ्या राहिल्या. दाजींनी हात आखडून घेतले होते. मग एक बोट पुढे केलं. बाळाने झोपेतच ते मुठीत पकडलं आणि हा मोठा माणूस ओठ दाबून रडायला लागला. भाचीही रडत होती. ताई हसत होती. मला वाटलं, चला, सुटलो एकदाचे.

आणि बाळाचा श्वास थांबला.

नवी बाळं असं करतात. श्वास घेता घेता मध्येच थांबतात, मग भराभर दोन-चार घेतात. हे मी प्रत्येक आईला सांगते, रोज सांगते. पण हे तसं नव्हतं. तिची छाती उचललेली नव्हती आणि खाली बसलेलीही नव्हती. खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं. दारातल्या दोघींच्या काही लक्षात आलं नाही, त्या डोळे पुसत होत्या. दाजींनी मात्र माझ्याकडे पाहिलं. मग श्वास सुरू झाला, भराभर नाही, होता तिथून पुढे, एकसारखा.

दाजी हळू आवाजात म्हणाले, "असं होतं का गं लहान मुलांना?"

"सगळ्यांना होतं," मी म्हणाले.

"हिला? आधीपण होत होतं? माझ्याकडे यायच्या आधी?"

दारात भाची उभी होती. तिचा चेहरा किती दिवसांनी उजळला होता. आणि दाजी माझ्याकडे असे बघत होते की मी सांगेन ते खरं धरून ते पुढचं आयुष्य जगणार आहेत. तीन दिवस आणि तीन रात्री मी त्या पोरीचा श्वास ऐकला होता. एकदाही चुकला नव्हता.

"हो," मी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून."

त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. त्यांनी डोळे मिटले, नातीला मांडीवरून उचललं आणि छातीशी घट्ट धरलं.