काकूंचा नवस आणि आमचा तंबू

भजनी मंडळात भजनं पाठ व्हायला वर्षं लागतात, किस्से मात्र एकदा ऐकले की पाठ! आमचं मंडळ सातपूरच्या बाजूच्या एका कॉलनीतलं. गुरुवारी टाळ वाजतात, उरलेले दिवस तोंडं. पण गेल्या मार्गशीर्षात आम्ही डोंगरावर मुक्कामाला गेलो आणि किस्से इतके साठले की आता भजन सुरू व्हायलाच उशीर होतो.

सुरुवात केली कुसुमकाकूंनी. आमच्यात वयानं सगळ्यात मोठ्या. संक्रांतीनंतर त्या कायमच्या पुण्याला, मुलाकडे राहायला जाणार होत्या. एका गुरुवारी आरती झाल्यावर त्यांनी विषय काढला, "माझा एक नवस राहिलाय गं. सुरगाण्याच्या पलीकडं डोंगरावर देवी आहे. अभयसाठी बोलले होते, तुझ्या दारात एक रात्र काढीन म्हणून. मग सासऱ्यांचं आजारपण, बदल्या, गुडघे... राहूनच गेलं. पुण्याला गेले की कोण नेणार?"

देवीचं देणं अंगावर घेऊन माणूस गाव सोडणार, हे काही माझ्या मनाला पटेना. मी म्हटलं, "होईल काकू, नक्की होईल."

छाया, आमची पेटीवाली, लगेच म्हणाली, "होईल म्हणून झालं, वहिनी! आता करणार कोण? तुम्हीच!"

*

पहिली अडचण आली तारखेची. सोमवार माझा. मंगळवार मंगलताईंचा. मार्गशीर्षातले गुरुवार सगळ्यांचेच. छायाचा शुक्रवार, त्यात आंबट चालत नाही. शनिवार काकूंचा. मधेच संकष्टी, प्रदोष. कॅलेंडरवर खुणा करता करता छाया वैतागली, "अहो, आपल्यात रोज कुणीतरी उपाशीच असतं!"

मला एकदम सुचलं. उपवास नसलेला दिवस शोधण्यापेक्षा सगळ्यांचाच उपवास असेल असा दिवस धरू! शुद्ध एकादशी शनिवारी येत होती. चांदणंही मिळेल, स्वयंपाकही एकच.

घरी आमच्या ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "लोक ट्रेकला जाताना पाणी भरून घेतात. तुम्ही साबुदाणा भिजवून घ्या!"

तो मी भिजवूनच नेला, हे वेगळं सांगायला नको.

*

पण अभयची परवानगी कुठं होती? तो पुण्यात बँकेत मॅनेजर, आणि बोलतोही तसाच. फोनवर म्हणाला, "आई, गुडघे बघ तुझे. देवीची ओटी आता ऑनलाइन भरता येते."

काकू म्हणाल्या, "ओटी ऑनलाइन भरेन. रात्र कशी काढू ऑनलाइन?"

शेवटी त्यानं अट घातली, "आधी पांडवलेणी चढून दाखव, मग बघू."

मग काय, रोज सकाळी पांडवलेणी! काकूंची पद्धत अशी की दम लागला, की वरून उतरणाऱ्या कुणालाही थांबवायचं. "कुठले हो तुम्ही? येवल्याचे? मग पैठणीचं काम का घरी?" तो बिचारा सगळं खानदान सांगेपर्यंत काकूंची धाप बसायची! महिनाभरात काकूंच्या ओळखी एवढ्या वाढल्या की खालचा चहावाला आम्हाला ‘काकूंची पार्टी’ म्हणायला लागला.

एक दिवस वर पोचल्यावर काकूंनी स्वतः व्हिडिओ कॉल लावला. मागं लेणी, खाली सगळं नाशिक. अभय नीट बघून म्हणाला, "आई, तिथं वरपर्यंत रिक्षा जाते का?"

काकूंनी फोन छायाच्या घामेजलेल्या चेहऱ्याकडे वळवला. त्यानं लगेच विश्वास ठेवला.

म्हणाला, "ठीक आहे. पण मीही येणार."

*

तंबू छायाच्या भाच्याचा. आधी सराव म्हणून कॉलनीच्या देवळापुढच्या अंगणात लावला. काठ्या कशाबशा उभ्या राहिल्या, आम्ही आत शिरलो, आणि मंगलताईंनी विचारलं, "उत्तर कुठं आहे?"

मंगलताई आमच्या शास्त्राच्या जाणकार. उत्तरेला डोकं करायचं नाही. दक्षिणेला पाय करायचे नाहीत. डोंगरावर देवी पूर्वेला असणार, म्हणजे तिकडेही पाय नकोत. मग डोकं पूर्वेला आणि पाय पश्चिमेला करून सगळ्या आडव्या झालो, तर काकूंचे पाय थेट कॉलनीच्या मारुतीकडे!

"अहो, हा मारुती डोंगरावर नसणार आहे," मी हळूच म्हटलं.

"पण आत्ता आहे ना!" मंगलताई.

छाया उठून बसली. "असं करू. तंबू लावू आणि त्यात उभ्यानंच झोपू!"

*

सामानाचं म्हणाल, तर छायानं सक्त ताकीद दिली होती, आपापली पिशवी आपणच उचलायची. निघायच्या आदल्या दिवशी तिनं एकेकीची तपासली. मंगलताईंची तर जागची हलेना. आत बघतो तर काय, लोखंडी खलबत्ता!

"मंगलताई, हे कशाला?"

"खिचडीला दाण्याचं कूट कमी पडलं तर?"

"आणि स्वेटर?"

"तो काढला. खलबत्ता बसत नव्हता."

समजूत घालून खलबत्ता घरी ठेवला. त्या जागी त्यांनी काय भरलं, ते डोंगराखालच्या पाड्यावर कळलं. जीपमधून सामान उतरवताना तिथली एक बाई कमरेवर हात ठेवून बघत होती. समई, ताम्हन, तेलाची बाटली, चौरंग... चौरंग पाहिल्यावर तिला राहवलं नाही.

"बाई, दर्शनाला आल्या का इथंच राह्यला आल्या?"

मंगलताई म्हणाल्या, "एकच रात्र हो!"

"मंग देवीला न्यायला आल्या वाटतं!"

*

चढताना अभय आईच्या मागं, अगदी पाठीला चिकटून. नवे बूट, हातात ते नाडी मोजणारं घड्याळ. आई जरा थांबली की ह्याचं, "आई, परत फिरूया का?" मला धाकधूक. इथवर आणून ह्यानं परत नेलं तर? मी मनातल्या मनात देवीला म्हणत होते, आता तूच बघ गं बाई.

अर्ध्या वाटेवर त्याचंच घड्याळ बोंबलायला लागलं. टीं टीं टीं!

काकू मागं वळल्या. "त्याला गप्प कर रे. माझा जप चुकतोय."

"आई, माझे ठोके वाढलेत."

"मग बस जरा. आम्ही होतो पुढं."

चौघींनी त्याला करवंदीच्या जाळीपाशी बसवलं, लिंबू-साखरेचं पाणी पाजलं. परत फिरायचं त्यानं नंतर नाव काढलं नाही. वर पोचलो तेव्हा सूर्य मावळत होता. काकूंनी देवीच्या उंबऱ्यावर डोकं टेकवलं, आणि बराच वेळ उचललंच नाही. छायानं हळूच काकूंची पिशवी उचलून बाजूला ठेवली.

तंबू लावला, पण काकू त्यात आल्या नाहीत. दारात म्हणजे दारात! सतरंजी, दोन गोधड्या, आणि शेजारी अभय.

*

सकाळी द्वादशीचं पारणं. दरीत धुकं, वर कोवळं ऊन, आणि चुलीवर मंगलताईंची मुगाची खिचडी. चहाचा पेला हातात धरून अभय आईजवळ येऊन बसला. रात्र आईच्या उशाशी काढल्यानं जरा हळवा झाला होता.

"आई, फिटला ना नवस? आता सांग. एवढं काय मागितलं होतंस माझ्यासाठी? मला टायफॉइड झाला होता, तेव्हाचा का गं?"

"छे! त्याला डॉक्टर होते," काकू म्हणाल्या. "दहावीला तू गणितात पास व्हावंस म्हणून."

मॅनेजरसाहेबांचा पेला तोंडापाशीच थांबला.

"पण आई, मार्चला मी गणितात नापास झालो होतो! ऑक्टोबरला सुटलो!"

काकूंनी खिचडीचा घास घेतला, देवीकडे बघून मान हलवली.

"हो ना. तिनं उशीर केला, मीही केला. फिट्टंफाट!"