लेकीने मागितलेले पाव

पाववालीशी बोलायचं तर उभ्याउभ्या, आणि तेही तिच्या पाठीशी. तोंड सदा भट्टीकडे. दारात मंत्री आला असता तरी तिने म्हटलं असतं, "जरा सरका, पाव करपेल." नवरा गेल्यावर लोक म्हणाले, भट्टी विकून टाक. तिने कुणाला भीक घातली नाही. वीस वर्षं एकटीने भट्टी पेटती ठेवली, दोन्ही हात कोपरापर्यंत भाजून घेतले. या सगळ्यात एकुलती एक पोर पिठाच्या पोत्यांवर झोपत-उठत कधी मोठी झाली, हे तिचं तिलाही कळलं नाही.

पोर कलाकार झाली. कसली, ते पाववालीला कधी धड सांगता आलं नाही. चित्र नाही, गाणं नाही. लोकांसमोर आपणच काहीतरी करून दाखवायचं म्हणे. सहा वर्षांपूर्वी दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. "पावासाठी तुला वेळ होता, माझ्यासाठी नव्हता," असं म्हणून तिने घर सोडलं ते सोडलंच.

मग एके दिवशी फोन आला. "आई, कार्यक्रमाला चाळीस मोठे पाव हवेत. अगदी कडक भाज. दगडासारखे."

पाववालीचा आनंद गगनात मावेना. लेकीने मागितले, तेही आपल्याच हातचे! पण कडक? पाहुण्यांपुढे कुणी दगड ठेवतं का? या पोरीला भट्टीतलं काय कळतंय, असं म्हणत तिने दुधात पीठ मळलं, वरून लोणी फासलं आणि बोट लावलं तर रुतावं असे चाळीस पाव काढले. ठेवणीतले कपडे घातले आणि स्वतः घेऊन गेली.

तिला पहिल्या रांगेत बसवलं. पाव जमिनीवर ओळीने मांडलेले. ताटं कुठे दिसेनात. मुलगी अनवाणी आली, "हे माझं बालपण," म्हणाली आणि पहिल्या पावावर पाय दिला. पाय पार आत गेला. दुसऱ्यावर तोल गेला, तिसऱ्यावर ती सपशेल आडवी झाली. लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. टाळ्यांचा नुसता कडकडाट. पाववाली तेवढी हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

मागच्या खोलीत मुलगी तळपायाला चिकटलेला लगदा खरवडत होती. "कडक सांगितले होते ना! एवढी एक गोष्ट ऐकता आली नाही तुला?"

"मला वाटलं, कुणीतरी खाईल."

"खायचे नव्हतेच ते. त्यांच्यावरून चालायचं होतं. शनिवारी परत कार्यक्रम आहे. देणार आहेस का दुसरे?"

दुसरी कुणी असती तर मुस्काटात देऊन चालती झाली असती. पाववालीच्याही जिभेवर नको नको ते आलं होतं. पण आता बोललो तर आणखी सहा वर्षं गेली, आणि तेवढी आपल्याकडे उरलीत की नाही कोण जाणे. अडला हरी, दुसरं काय! ती "देते" म्हणाली.

शुक्रवारी तिने नुसत्या पाण्यात पीठ मळलं. दूध नाही, लोणी नाही, मीठसुद्धा नाही. भट्टीत टाकून मुद्दाम विसरून गेली. बाहेर काढलेले दोन पाव एकमेकांवर आपटले तर खणखणले. इतकं वाईट तिने उभ्या जन्मात काही भाजलं नव्हतं. पोत्यात भरताना तिला त्यांच्याकडे बघवेना.

शनिवारी मुलगी चाळीसच्या चाळीस पावांवरून सरळ चालत गेली. एकही खचला नाही. मग तिने येऊन आईला मिठी मारली.

"आता कसे छान जमले बघ, आई!"

भट्टीवर वाढलेल्या त्या पोरीने आईच्या पावाला चांगलं म्हटलं, ते हे पहिल्यांदाच.