बसलेला आवाज

सावेडीतल्या छोट्या रेडिओ केंद्रात मी यंत्रं सांभाळायचो. तिथला निवेदक एके काळी मराठी रॉक गाऊन कर्जतपासून नगरपर्यंत मैदानं गाजवणारा गायक होता. घशाच्या ऑपरेशननंतर गाणं सुटलं. रोज माईकसमोर बसताना त्याचा हात गळ्यावर जायचा. एकदा म्हणाला, "स्टेजवर आवाज गेला तर पोरं गाणं पुरं करायची. हितं गेला तर कोन बोलनार?"

एका सकाळी पारनेरकडच्या वस्तीजवळ बिबट्या दिसल्याची सूचना वाचताना त्याचा आवाज खरंच बसला. मी हादरलो. तो मात्र थांबला नाही; घोगरं कुजबुजत त्यानं सूचना तीनदा सांगितली.

थोड्या वेळानं त्या वस्तीवरच्या एका बाईंचा फोन आला; त्यालाही ऐकू जावा म्हणून मी तो स्पीकरवर लावला. "तुमी दबकून बोलला, तवा वाटलं बिबट्या दारातच हाय. पोरं आत घेतली, आन् गोठ्यामागं दिसलाच की तो!"

"बरं झालं," असं त्याला म्हणायचं होतं. ओठ हलले, पण तेवढाही आवाज उरला नव्हता.