जुन्या तापाची खूण

आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या रखमामावशींनी डेंग्यूचा रिपोर्ट माझ्यापुढे धरला. मी जीवशास्त्र शिकवते ना! ताज्या तापाची अँटीबॉडी नव्हती, जुन्या तापाची होती.

रोगाशी लढणारी पेशी आधी घाईची अँटीबॉडी बनवते. मग रोगाची ओळख तीच ठेवून स्वतःच्या जनुकाचा तुकडा कापून टाकते आणि वर्षानुवर्षं टिकणाऱ्या प्रकाराकडे वळते. कापलेलं पुन्हा जोडता येत नाही. वर्गात हे मी किती कौतुकाने सांगते.

गेल्या दिवाळीआधी मावशी म्हणाल्या होत्या, "ताई, हाडं फुटतायत."

मी म्हणाले होते, "सण आला की बरी दुखणी सुचतात!"

त्यांनी तशाच अंगाने माळ्यावरचे डबे उतरवून घासले होते.

"जुना ताप दिसतोय," मी आता म्हटलं.

"कधी आला असेल हो, ताई?"

त्यांच्या रक्ताने आठवण ठेवली होती. मीही विसरले नव्हते.

"काय माहीत," मी रिपोर्टाकडे बघत म्हणाले.